अळणी शनिवार

माझं माहेर सौसरचं आणि सासर पांढुर्ण्याचं. लग्न ठरलं तेव्हा आईला केवढं समाधान वाटलं होतं. सकाळच्या बसनं निघालं तर चहाच्या वेळेला लेकीच्या घरी, असं ती शेजारणींना सांगायची. लेक जवळ पडली हे खरंच होतं. जावई मात्र दूर होता. माझा नवरा पहाडात रस्ते बांधणाऱ्या खात्यात मोठ्या मशिनीवर ऑपरेटर. बारावी झाल्या झाल्या भरतीत लागला आणि हिमाचलातल्या एका उंच खिंडीच्या अलीकडे-पलीकडे त्याची सगळी नोकरी गेली. वर्षाला दोन महिने सुट्टी मिळायची, तीही तुकड्या-तुकड्यांनी. आमच्या लग्नाला आता एकवीस वर्षं झाली. त्यातली सोळा वर्षं मी ह्यांना बहुतेक कानांनीच ओळखलं.

घरी मी, सासूबाई आणि पुढे आमची लेक. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं किराणा दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मोरी. गल्ल्यावर आत्याबाई बसायच्या. साखर, डाळ, तेलाचे पिपे सगळं आत असायचं, खडेमिठाचं पोतं तेवढं बाहेर ओट्यावर. शटर पडलं तरी ते बाहेरच राहायचं. "मीठ कोणी चोरत नाही व बाई," त्या मला म्हणाल्या होत्या. "मीठ चोरलं तर पचत नाही."

ह्यांचा फोन संध्याकाळी सातला यायचा. कॅम्पात सिग्नल नव्हता. काम संपलं की हे चढ चढून एका वळणावर जायचे, तिथे एका दगडाशी उभं राहिलं की आवाज यायचा. डावीकडे सरकलं की गेला. त्या दगडाशी चार-पाच जणांची रांग असायची, म्हणून बोलणं दहा-पंधरा मिनिटांचं. बोलायला तरी काय असायचं?

"जेवली का?"

"आत्ता कुठं? सातच तर वाजले."

"काय केलं?"

"वांग्याची भाजी. अन् तुम्ही?"

"राजमा. कालही राजमा, परवाही राजमा. तुह्या हातची भाकर खाऊन किती दिवस झाले, मोजून रायलो मी."

मागे वारा घोंघावायचा. त्या वाऱ्यावरून मी ओळखायला शिकले होते की आज हवा कशी आहे, ह्यांनी कानटोपी घातली आहे की नाही. पावणेसातपासून माझं कशात लक्ष लागायचं नाही. गिऱ्हाईक पाव किलो साखर मागायचं आणि मी रवा बांधून द्यायची. आत्याबाई सगळं बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. फक्त सातला दोन मिनिटं उरली की म्हणायच्या, "जाय आत. मी पाहतो दुकान." आमच्याकडे बायकाही असं 'पाहतो' म्हणतात, सौसरच्या शाळेतल्या माझ्या एका बाईंना ते कधी आवडलं नाही.

लेक चार वर्षांची असतानाची गोष्ट. थंडीचे दिवस होते, म्हणजे आमची थंडी, संत्र्याच्या गाड्या भरतात तेव्हाची. त्या दिवशी ह्यांचा फोन आला तेव्हा आत्याबाईही आत होत्या, म्हणून मी आवाज मोठा ठेवला.

"आज लय काम झालं," हे म्हणाले. "चाळीस पोते मीठ टाकलं रस्त्यावर."

आत्याबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"काय टाकलं म्हणतो?"

"मीठ, माय. रस्त्यावर. बर्फ गोठू नये म्हून."

"भुईवर?"

"हो. फावड्यानं. ट्रकच्या मागं उभं राहायचं अन् टाकत जायचं."

आत्याबाईंनी ताट बाजूला सारलं. आमच्याकडे चिमूटभर मीठ सांडलं तरी बाईच्या जिवाला लागतं. लहानपणापासून ऐकलेलं असतं की सांडलेलं मीठ वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं. माझ्या आईनंही मला हेच सांगितलं होतं. मी मोठी झाल्यावर ते सोडून दिलं, पण अजूनही मीठ सांडलं की माझा हात आपोआप खाली जातो. आत्याबाईंनी तर ते कधी सोडलंच नव्हतं.

"चाळीस पोते!" फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या. "पापण्यांनी कवा उचलन तो?"

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना विचारलं, मिठानं बर्फाचं काय होतं? ह्यांनी आपल्या परीनं समजावलं. तिकडे दिवसा ऊन पडलं की कडेचा बर्फ वितळतो आणि पाणी रस्त्यावर पसरतं. सूर्य डोंगराआड गेला की त्याच पाण्याची काच होते. त्या काचेवरून गाडी घसरली तर खाली दरी. म्हणून ऊन जायच्या आत मीठ टाकायचं.

"पाणी शून्यावर गोठते नं? पण मीठ विरघळलं की शून्यावर नाही गोठत, त्याच्या खाली गेल्यावर गोठते. आमचे साहेब सांगत होते, पाण्याचे कण एकमेकांचा हात धरून बर्फ होतात. मंधात मीठ घुसलं की त्यायले हात धरता येत नाही."

"मग कितीही थंडी असली तरी गोठत नाही?"

"गोठते. लय खाली गेलं, दहा-बारा, पंधरा, तर मग मीठही हारते. मग आम्ही रेती टाकतो. रेतीनं बर्फ वितळत नाही, चाकाले पकड भेटते बस."

मला हे पटलं, पण आत्याबाईंना पटवायचं होतं. दुकानात थंड बाटल्यांसाठी एक जुना फ्रिज होता. त्याच्या वरच्या खणात मी दोन वाट्या ठेवल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत चमचाभर मीठ घातलेलं पाणी. सकाळी दोघी बघायला गेलो. साध्या पाण्याचा दगड झाला होता. मिठाच्या वाटीत मऊ भुसभुशीत बर्फ होता, बोट घातलं की आत जाई.

"हे तर गोठलं," आत्याबाई म्हणाल्या.

"मीठ कमी पडलं असन."

त्या बाहेर गेल्या, ओट्यावरच्या पोत्यातून मूठभर खडे आणले आणि नव्या पाण्यात विरघळेपर्यंत ढवळत बसल्या. त्यांना मी इतकं लक्ष देऊन काही करताना क्वचितच पाहिलं होतं. ती वाटी आम्ही रात्रभर, मग दुसऱ्या दिवशीही संध्याकाळपर्यंत ठेवली. पाणी पाणीच राहिलं. वाटी हलवली की हलायचं. आत्याबाईंनी त्यात बोट बुडवलं आणि झटक्यानं काढलं.

"बाप्पा! हे तं बर्फापरीस थंड हाय. चावते."

साडीला बोट पुसत त्या वाटीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता पटलं. पटलं होतंही. पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. मीठ काम करतं की नाही, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

त्या शनिवारी त्या एकट्याच सौसरच्या बसमध्ये बसून जामसांवलीला गेल्या. हनुमानाच्या पायाशी काय बोलल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही. दुपारी परत आल्या, हातपाय धुतले आणि म्हणाल्या, "आजपासून शनिवारी मले मीठ नको. भाजीत नको, वरणात नको. तो पहाडातून परत येईपर्यंत."

"अन् त्यायले काय सांगू?"

"त्याले काही सांगू नको. तो करून रायला ते सरकारी काम हाय, चांगलं काम हाय. लोकायचा जीव वाचते. पण मीठ ते मीठ. कोणीतरी भरलं पाह्यजे."

शनिवारी दोन भाज्या कोण करणार? त्यांच्यासाठी अळणी आणि आमच्यासाठी मिठाची, असं मी दोन आठवडे केलं. तिसऱ्या शनिवारी मीही अळणीच वाढून घेतलं. हनुमानासाठी नाही. पापण्यांचं मला खरं वाटत होतं असंही नाही. आठवड्यातून एक दिवस घास तोंडात घेतला की ह्यांची उणीव जिभेवर कळायची, आणि ते मला कुठेतरी बरं वाटायचं. बाकीचे सहा दिवस ती उणीव कुठे ठेवावी ते समजायचं नाही. शेजारणींना सांगावं तर त्या म्हणायच्या, पगार येतो ना वेळेवर, मग काय रडतेस? लेकीसाठी मात्र ताटात बाजूला मीठ वाढायची.

हे सुट्टीवर आले की पहिले दोन-तीन दिवस मला त्यांच्यासमोर नीट बोलता यायचं नाही. फोनवर सगळं सांगणारी मी, समोर आले की चहा ठेवायला आत पळायची. तेही ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत राहायचे. मग हळूहळू सवय व्हायची, आणि सवय झाली की जायचा दिवस यायचा. एका सुट्टीत शनिवार आला. हे जेवायला बसले, वरणभाताचा घास घेतला आणि हसले.

"मीठ विसरली व."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. लेक तेव्हा सहा वर्षांची होती. ती पटकन म्हणाली, "शनिवारी मीठ नसते, बाबा. तुम्ही रस्त्यावर सांडवता म्हून आजी खात नाही."

ह्यांच्या हातातला घास तसाच राहिला. मग त्यांनी आईला विचारून विचारून सगळं काढून घेतलं. ऐकताना आधी हसू आलं, मग ते हसू गेलं.

"माय, मी पाप करून रायलो का? मागच्या साली त्या वळणावर आख्खी बस घसरत होती. मीठ होतं म्हून थांबली."

"मले समजते रे."

"मग काऊन उपाशी राहतं?"

"उपाशी कुठं? जेवतो तं आहो. तू तुहं काम कर, मी माहं करतो."

मी पटकन वाटीत मीठ आणून ठेवलं. त्यांनी ती वाटी हातानं दूर सरकवली आणि ताटातलं सगळं अळणीच संपवलं. संध्याकाळी ओट्यावर बसून मला म्हणाले, "सहा महिन्यांत तिकडं एकदाही रडू आलं नाही. आज आलं."

पुढे वर्षं गेली. लेक हायस्कुलात गेली. फोन बदलले. चेहरा दिसायला लागला, पण त्या वळणावर व्हिडिओ अडकायचा. ह्यांचा चेहरा अर्ध्यात थिजायचा, तोंड उघडं, डोळे मिटलेले, आणि आवाज पुढे निघून जायचा. मी म्हणायची, नुसतं बोला, दिसू नका.

मग ती थंडी आली. एका संध्याकाळी सातला फोन आला नाही. आठ वाजले, नऊ वाजले. असं आधीही झालं होतं, म्हणून पहिल्या दिवशी मी फार घाबरले नाही. दुसऱ्या दिवशी बातम्यांत तिकडच्या बर्फाची चित्रं दाखवली. झाडं वाकलेली, गाड्या अर्ध्या गाडलेल्या. तिसऱ्या दिवशी मी ह्यांच्या सोबत्याच्या बायकोला फोन लावला. ती पठाणकोटकडची, आम्ही दोघी कधी भेटलो नव्हतो. तिलाही काही कळलं नव्हतं. आम्ही दोघी फोनवर नुसत्याच बसलो, ना तिला मराठी येत होती ना मला पंजाबी, आणि त्या दिवशी हिंदीही सुचेना.

नऊ दिवस. आत्याबाईंनी त्या नऊ दिवसांत कोणत्याच दिवशी मीठ खाल्लं नाही. मी खाल्लं की नाही मला आठवत नाही. रोज सातला मी आतल्या खोलीत जाऊन फोन हातात धरून बसायची, आणि दुकानातून आत्याबाईंचा आवाज यायचा, गिऱ्हाइकांना त्या मुद्दाम हळू बोलायला सांगायच्या.

दहाव्या दिवशी दुपारी अनोळखी नंबर वाजला.

"जेवली का?"

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. इस्पितळातल्या कोणाच्या तरी फोनवरून ह्यांनीच सांगितलं, कॅम्पाकडचे टॉवर बर्फानं बंद पडले होते. पारा इतका खाली गेला होता की मीठ चालेनासं झालं होतं. तरी एका वळणापाशी प्रवाशांच्या तीन गाड्या अडकल्या होत्या, म्हणून दिवसाच्या त्यातल्या त्यात कमी थंडीत मीठ आणि रेती मिसळून टाकत त्यांनी रस्ता मोकळा केला. माणसं सुखरूप निघाली. पण ह्यांचा डावा हातमोजा मिठाच्या पाण्यानं भिजला होता. साधं पाणी असतं तर मोजा कडक झाला असता, ह्यांच्या लक्षात आलं असतं. खारं पाणी गोठलं नाही. शून्याच्या खाली जाऊनही ओलंच राहिलं, आणि तीन-चार तास बोटांना लागून राहिलं. बोटं बधिर झाली तेव्हा थंडीच आहे असं ह्यांना वाटलं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची टोकं डॉक्टरांना काढावी लागली.

"दुखते काय?" मी विचारलं.

"नाही. कळतच नाही. खाज सुटते, अन् खाजवाले जातो तं बोट नाही तिथं."

आत्याबाईंना कसं सांगावं याचा मला घोर पडला. त्या दारातच उभ्या होत्या, सगळं ऐकलं होतं. त्या खाली बसल्या. मग दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "पापण्यांवर होतं. बोटांवर निभावलं."

त्यांच्या मते डोळे वाचले होते. मला त्या वेळी त्यांचा राग आला. माझ्या नवऱ्याची बोटं गेली आणि ह्या हिशेब जुळला म्हणून हात जोडतात! मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मोरीत पाण्याचा आवाज येत होता म्हणून उठले, तर त्या नळ सोडून बसल्या होत्या आणि रडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "लहानपणी त्याचे बोटं मीच मोजत होती. वीस हायेत का म्हून." मग मी त्यांच्याजवळ बसले.

हे दीड वर्षानं नोकरी सोडून कायमचे आले. आत्याबाईंचा नेम सुटला. त्या शनिवारी मी साधीच मसूर डाळ केली, नेहमीच्या मिठाची. त्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "खारट झाली." खारट नव्हती. पुढे सात-आठ महिन्यांनी झोपेतच गेल्या. लेक हल्ली नागपूरला शिकते.

सोळा वर्षं मी एकच मागत होते, हे घरी यावेत. आले. गल्ल्यावर बसतात, डाव्या हातानं पिशवी धरतात, उजव्यानं भरतात, आता सराईत झाले. मुलं विचारतात, काका, बोटं कुठं गेली? तर म्हणतात, पहाडात विसरलो. माझ्या हातची भाकर रोज खातात. पण बोलत नाहीत. म्हणजे लागेल तेवढं बोलतात, तूरडाळ संपली, गॅस आणायचा आहे. दहा मिनिटांत सगळं जग सांगणारा तो माणूस कुठे गेला ते मला कळेना. दिवसभर एका छताखाली असून मला ह्यांची आठवण यायची. ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखी नव्हती. लोक म्हणाले असते, बाईला सुख टोचतं.

संध्याकाळी मात्र हे दुकान माझ्यावर सोडून रेल्वे पुलाकडे जायचे. तिथे कठड्याशी उभं राहून सोबत्यांना फोन लावायचे. कोण कुठल्या खिंडीत आहे, यंदा बर्फ किती पडला, कोणाच्या पोराचं काय. एकदा दुकान घटकाभर बंद ठेवून मी भाजी आणायला गेले होते, तिकडून येताना लांबून ऐकलं. हे हसत होते. तोच आवाज होता, सातच्या फोनवरचा, माझा. मी मागच्या गल्लीनं घरी आले.

तीन दिवसांनी, हे पुलावर गेल्यावर, मी आत जाऊन त्यांना फोन लावला. काय बोलणार ते ठरवलं नव्हतं.

"हं, बोल. काय झालं?"

"काही नाही. जेवले काय?"

त्यांच्या मागून रेल्वेगाडी गेली, नागपूरकडची असावी.

"आत्ता कुठं," हे हळूच म्हणाले. "सातच तर वाजले."

मग आम्ही बोललो. चांगली वीस मिनिटं. पहिल्यांदाच त्यांनी मला त्या नऊ दिवसांचं सगळं सांगितलं, अडकलेल्या गाडीतल्या म्हाताऱ्यानं आपली घोंगडी ह्यांच्या खांद्यावर टाकली तेही. मी त्यांना मोरीतल्या आत्याबाईंचं सांगितलं. ते ह्यांना माहीत नव्हतं. आमच्या दोघांत तेव्हा चारशे पावलांचं अंतर असेल. दुकानात कोणीतरी "कोणी हाय काय?" म्हणून हाका मारत होतं, मी उठले नाही.

असं रोज होत नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा. घरी आले की आम्ही त्याचा उल्लेख करत नाही.

आता परवाची गोष्ट. पठाणकोटकडच्या त्या सोबत्याच्या मुलाचं लग्न ठरलं. तो सोबती सध्या हिमाचलातच राहतो, लग्नही तिथेच, ऐन थंडीत. पत्रिका मोबाइलवर आली. हे गल्ल्यावर बसून ती दोनदा वाचत होते. मी म्हटलं, जाऊन या.

"तूही चाल."

"दुकान?"

"आठ दिवस बंद राहीन तं गाव उपाशी मरते काय?"

मी नागपूर आणि इटारसीच्या पलीकडे कधी गेलेले नाही. माझ्याकडे एक स्वेटर आहे, तोही पातळ. काल सौसरला जाऊन भावजयीची शाल मागून आणली. आई आता थकली आहे. तिनं विचारलं, एवढ्या थंडीत काय पाहायला चालली व? मी शाल पिशवीत भरली. ती बायको भेटेल, जिच्यासोबत मी त्या नऊ दिवसांत फोनवर नुसती बसले होते. आणि हे म्हणालेत की वाटेत ते वळण लागतं, दगड अजून असेल तर दाखवीन.

तिकिटं आली आहेत. पुढच्या गुरुवारी निघायचं. हे रात्री जेवताना मला सांगत होते, आधी लोकरीचा मोजा घालायचा, त्यावर दुसरा, आणि ओला झाला की लगेच बदलायचा, एक मिनिटही ठेवायचा नाही. मी हो हो म्हणत होते. हे थांबायलाच तयार नव्हते, आणि मीही त्यांना थांबवलं नाही.